बोर्ड नाही, ॲप गप्प, रस्ता मोकळा: मग स्पीड लिमिट पाळायची कशाला?

मागच्या पोळ्याला गावी गेलो होतो. दिवस कलायच्या वेळी आलापल्लीहून आष्टीकडे निघालो. मावसभाऊ बाईक चालवत होता, मी मागे. हँडलवर मोबाईल होल्डर, त्यात मॅप सुरू. मीटरचा काटा ६५ वर. मी म्हटलं, जरा हळू घे. तो म्हणाला, “दादा, मॅपवर पाह्य ना, साठच दाखवून राहिला. अन् इथं बोर्ड कुठी आहे? लिमिट लावलीच नाही, त मोडली कशी?”

पुढे पाचेक मिनिटांत एका वळणापलीकडे डांबरावर बसलेली गुरं दिसली. ब्रेक लागला, मागचं चाक थोडं सरकलं आणि आम्ही थांबलो ते एका गोऱ्ह्यापासून हातभर अंतरावर. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

भावाच्या त्या वाक्यात मोबाईल वापरणाऱ्या बहुतेकांचे गैरसमज आले आहेत, म्हणून हा लेख.

आधी मीटर आणि मोबाईलचा फरक. मीटर ६५ आणि मॅप ६० दाखवत असेल तर दोन्हीपैकी काहीच बिघडलेलं नाही. गाडीचा स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतो. टायर झिजला, हवा कमी-जास्त झाली, की हिशोब बदलतो. म्हणून वाहनांच्या नियमांतच असं ठरलंय की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधी दाखवणार नाही, थोडा जास्त दाखवला तर चालेल. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमावर बऱ्याच देशांचे नियम बेतलेत, त्यात ही सूट १० टक्के अधिक ४ किमी इतकी आहे.

मोबाईल उपग्रहांच्या सिग्नलवरून वेग काढतो. उपग्रह आणि आपण एकमेकांच्या तुलनेत हलत असतो, त्यामुळे सिग्नलची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते. जवळ येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा सायरन चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो, तोच हा डॉप्लर परिणाम. मोकळ्या आकाशाखाली सरळ रस्त्यावर हा आकडा चांगलाच अचूक असतो. पण तो साधारण सेकंदाला एकदा बदलतो, वर त्यात थोडी सरासरी काढलेली असते, आणि दोन्ही बाजूंनी सागाची दाट झाडी आली की सिग्नल अडतो, परावर्तित होऊन येतो. म्हणजे जंगलातल्या वळणावर मोबाईल तुम्हाला आत्ताचा नाही, मघाचा वेग सांगतोय. ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. मॅप पाच कमी दाखवतो म्हणून पाच वाढवायचे, हा हिशोब करू नका.

आता बोर्ड. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ सांगतं की प्रत्येक प्रकारच्या वाहनासाठी सरकारने ठरवलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येणार नाही. बोर्ड लागतो तो त्याहून कमी मर्यादा घालण्यासाठी. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत दुभाजकाचे चार पदरी महामार्ग, एक्सप्रेसवे आणि शहरातले रस्ते वगळून इतर रस्त्यांवर कारसाठी ७०, मोटरसायकलसाठी ६० आणि मालवाहू गाड्यांसाठी ६० असे आकडे आहेत. आलापल्लीतून सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, आष्टी अशा चारी दिशांना रस्ते फुटतात. त्यावर बोर्ड दिसो न दिसो, मर्यादा आहेच.

मग ॲपमध्ये ती का दिसत नाही? कारण ॲप रस्ता बघत नसतं, डेटाबेस बघत असतं. नकाशात रस्त्याचे छोटे छोटे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला नाव, पदर, दिशा, कमाल वेग अशी माहिती जोडलेली असते. मोबाईलची जागा कोणत्या तुकड्यावर बसते हे ॲप शोधतं आणि त्या तुकड्याचा आकडा दाखवतं. तो रकाना रिकामा असेल तर काही दाखवत नाही. शहरात ही माहिती भरलेली असते, जंगलातल्या रस्त्याची भरणार कोण? (ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात तुम्ही स्वतः भरू शकता. बोर्ड डोळ्यांनी बघून मगच भरा, अंदाजाने नको.) दुसरी गंमत म्हणजे रस्त्याचं काम चालू असेल आणि शेजारून वळणरस्ता काढला असेल, तर आठ-दहा मीटरच्या चुकीमुळे ॲप तुम्हाला मूळ रस्त्यावरच समजतं.

युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये वेगमर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. कॅमेरा बोर्ड वाचतो आणि नकाशाशी ताडून बघतो. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये ८० च्या पुढे अधूनमधून बीप आणि १२० च्या पुढे सतत बीप वाजतो. पण आलापल्लीच्या रस्त्यावर बीप वाजायची वाट बघत बसलात तर तोवर तुम्ही कारच्या मर्यादेच्याही दहा किमी वर गेलेले असता. बाईकवाल्यांना तर बीपही नाही.

थांबायला किती जागा लागते?

हा भाग नीट वाचा, बाकीचा विसरलात तरी चालेल.

समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी आधीच्याच वेगाने पुढे जाते. नंतर ब्रेकचं अंतर, आणि ते वेगाच्या वर्गाने वाढतं: वेग दुप्पट केला तर चौपट. कोरड्या, चांगल्या डांबरावर हिशोब केला तर ४० ला एकूण २६ मीटर, ६० ला ४५ मीटर, ८० ला ६९ मीटर. ओल्या रस्त्यावर हेच आकडे अंदाजे ३२, ६० आणि ९६ होतात. टायर गुळगुळीत किंवा रस्त्यावर खडी असेल तर आणखी जास्त.

आता त्या गोऱ्ह्याकडे परत जाऊ. समजा तो ४५ मीटरवर दिसला. ६० ने जाणारा त्याच्या नाकाशी येऊन थांबतो. ७० ने जाणारा त्याच जागी पोचतो तेव्हा त्याचा वेग अजून ४५ असतो. आणि ८० ने जाणारा? ६५! कारण त्याचे ३३ मीटर नुसते ‘अरे!’ म्हणण्यात गेले, ब्रेकला उरले बाराच. मी हा आकडा दोनदा तपासला, कारण मलाही तो खरा वाटेना. वेग २० ने जास्त, म्हणजे धडकही २० च्याच वेगाने होईल असं मन सांगतं. तसं होत नाही.

आमचं त्या दिवशी निभावलं, कारण मी बोलल्यावर भावाने कुरकुरत का होईना थोडं कमी केलं होतं.

रात्री हेच गणित उजेडावर येतं. लो बीमचा कामाचा उजेड साधारण ४०-५० मीटरपर्यंत. म्हणजे अंधारात कोरड्या रस्त्यावरही ६० ही कशीबशी जमणारी हद्द, आणि पावसात ती हद्दही गेली. समोरच्याने हाय बीम मारला की काही सेकंद आपण जवळजवळ आंधळे. आणि आपल्या रस्त्यांवर काय काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात कोरड्या डांबरावर येऊन बसणारी गुरं, बाजारातून बिनदिव्याच्या सायकलवर परतणारी माणसं, मोहाच्या दिवसांत पहाटे टोपल्या घेऊन रस्त्याकडेला वेचणाऱ्या बाया, कधी चितळ, कधी रानडुक्कर. एक चितळ गेलं तर मागे अजून असतात, हे शहरातून कमलापूरचा हत्ती कॅम्प बघायला येणाऱ्यांना ठाऊक नसतं.

म्हणून मर्यादेच्या आत चालवलं की आपण सुटलो, असं नाही. कायदाही तसं म्हणत नाही. कलम १८४, म्हणजे धोकादायक पद्धतीने चालवणं, यात रस्त्याचं स्वरूप, त्याची अवस्था, रहदारी हे सगळं बघितलं जातं. ५५ वर असूनही तुम्ही दोषी ठरू शकता. ६० हा छताचा आकडा आहे. तेवढं गाठलंच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही.

मग मर्यादा कधीच मोडायची नाही का?

इथे भावाने मला खरंच अडवलं. सुरजागडचं लोहखनिज घेऊन जाणारे ट्रक या पट्ट्यात रोजचे. समोर असा ट्रक ५० ने चाललाय, धुळीने डोळे भरलेत. ६० वर राहून ओव्हरटेक केला तर त्याच्यापेक्षा फक्त १० ने जास्त. ट्रकची लांबी आणि पुढची-मागची जागा धरून ४० मीटर पुढे सरकायला १४ सेकंद लागतात. समोरून कुणी ६० ने येत असेल तर जवळजवळ अर्धा किलोमीटर रस्ता मोकळा दिसायला हवा. तेच ८० ने केलं तर पाच सेकंदांत काम होतं आणि १९० मीटर पुरतात. “मग मर्यादा पाळणं जास्त धोक्याचं नाही का?”

गणित त्याचं बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, की ओव्हरटेक करायचाच आहे. दहा किलोमीटर ट्रकच्या मागे ५० ने राहिलात तर १२ मिनिटं लागतात, ६० ने दहा. दोन मिनिटांसाठी समोरच्या लेनमध्ये जायचं का, एवढाच प्रश्न. माझं उत्तर नाही. अंतर ठेवा, तोंडाला रुमाल बांधा, सरळ मोकळा पट्टा येऊ द्या. ओव्हरटेक सुरू केल्यावर मध्येच समोरून गाडी दिसली तर ब्रेक मारून मागे या. क्षणभर मर्यादेपुढे जाऊनच जीव वाचणार असेल तर जा, त्या क्षणी कुणी पावती आठवत बसत नाही. पण तशी वेळ आणणारा निर्णय आधीच चुकलेला असतो.

गाडीत पेशंट असेल तर? आमच्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. ४० किलोमीटरवरच्या दवाखान्यात ६० ऐवजी ८० ने गेलं तर दहा मिनिटं वाचतात, आणि काही आजारांत दहा मिनिटं खूप असतात हे मी नाकारणार नाही. पण घाबरलेला चालक, रात्र आणि ६९ मीटरचं थांबण्याचं अंतर हे तिन्ही त्याच गाडीत असतात. त्याहून जास्त वेळ वाचतो तो निघण्याआधी १०८ ला फोन करून, ॲम्ब्युलन्स अर्ध्या वाटेत भेटेल असं ठरवून, आणि दवाखान्यात आधी कळवून. हे फोन नेटवर्क असेपर्यंत करून घ्या, पुढे रेंज जाते.

आणि चुकीचे बोर्ड? काम संपून वर्ष झालं तरी ‘वेग २०’ चा बोर्ड उभाच, असं दिसतं. अशा बोर्डांमुळे खऱ्या बोर्डांचीही किंमत जाते, हा राग मला मान्य आहे. फोटो काढा, जागेच्या लोकेशनसह रस्त्याच्या खात्याकडे तक्रार टाका. पण वळण, शाळा, पूल जवळ असेल तर तो २० खराही असू शकतो, हे दिसेपर्यंत हळूच.

निघण्याआधी एवढं करा: घरच्या वायफायवर या भागाचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण नकाशा मोबाईलमध्ये नसेल तर रिकाम्या पडद्यावर नुसता निळा ठिपका दिसेल. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये स्पीडोमीटर चालू करा. पोचायची वेळ दाखवणारा आकडा मात्र स्पर्धा म्हणून घेऊ नका. भावाला ती सवय होती, ‘मॅपनं पावणेदोन तास सांगितले, मी दीडमध्ये आलो’. आता त्याने आवाज चालू ठेवून मोबाईल खिशात टाकायला सुरुवात केली आहे, निदान मी मागे बसलेला असतो तेव्हा तरी.