दर्याचा हिशेब

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या दक्षिणेला देवबाग गाव आहे. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावरच माड, घरे आणि होड्या. अशा गावाला वाळू हीच जमीन. वाळू गेली की गाव गेले.

ही वाळू आली कोठून? पावसाळ्यात नद्या डोंगरातले दगड झिजवीत खाली आणतात. हलकी माती लांब वाहून जाते. जड वाळू मुखाशी पडते. लाटा ती किनाऱ्याने सरकवतात. वर्षानुवर्षे वाळू साचून असा दांडा तयार होतो.

आता दर्याचा हिशेब पाहू. आषाढात मोठ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात. पण फार लांब नाही. जवळच पाण्याखाली तिचा बांध होतो. त्यावर लाटा फुटतात, त्यांचा जोर मोडतो. पावसाळा सरला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. आषाढात उसनी नेली, हिवाळ्यात फेडली!

मग किनारा खचतो का? हिशेबात तूट येते म्हणून. नदीवर धरण झाले की वाळू मागे अडते. खाडीतून होड्या भरभरून वाळू उपसली की किनाऱ्याला येणारी वाळू घटते. त्यात पृथ्वी तापते आहे, त्यामुळे दर्याचे पाणीही चढते आहे.

तुम्ही म्हणाल, दगडी बंधारा घालू. बंधाऱ्यामागचे घर वाचते, हे खरे. पण लाट दगडावर आपटून परत फिरते आणि पुढची वाळू खरवडते. पुळण गेली, तर रापण ओढायची कोठे? होडी लावायची कोठे? शिवाय बंधारा संपतो तेथे शेजाऱ्याची जमीन जास्त खचते. म्हणून बंधारा घालण्याआधी साऱ्या किनाऱ्याचा विचार हवा.

किनाऱ्याजवळच्या बांधकामासाठी सरकारने १९९१ साली नियम केले. पुढे २०११ आणि २०१९ साली ते बदलले. घर बांधण्याआधी ते विचारून घ्यावेत. पण काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. वाळूची टेकाडे सपाट करू नयेत. खाडीकाठची तिवरे तोडू नयेत. पुळणीवर जांभळ्या फुलांची वेल पसरते, ती उपटू नये. तिची मुळे वाळू धरून ठेवतात. तिला आपण मर्यादवेल म्हणतो. नाव किती नेमके आहे, पाहा! दर्याची मर्यादा तिने दाखवली. आपली मर्यादा आपण ओळखू या.