जमिनीच्या पोटातला गारवा : बागवान आणि शीतगृहवाल्यांनी आधी हिशेब करावा

खानदेश-विदर्भातील आपले अनेक बागवान बांधव आता केळी, आंबा, पपई रायपनिंग चेंबरमध्ये पिकवितात. कार्बाइडच्या पुडीवर कायद्याने बंदी आहे, आणि चांगले गिऱ्हाईकही तो माल घेत नाही. चेंबरचा माल एकसारखा पिकतो, भाव बरा मिळतो. पण चेंबर म्हणजे रात्रंदिवस चालणारे कुलिंग मशीन. केळीला आत १४ ते १८ अंश तापमान लागते आणि मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतात. नफ्यातला मोठा घास तेथेच वीजबिलात जातो. अशा व्यापाऱ्याला कोणी येऊन सांगितले की "जमिनीत पाइप सोडा, मशीन जमिनीच्या गारव्यावर चालवा, बिल निम्मे होईल", तर त्याचे कान टवकारणारच. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते या लेखात पाहू.

कल्पना नवी नाही. बगदादच्या जुन्या घरांत उन्हाळ्याच्या दुपारी माणसे 'सरदाब' नावाच्या तळघरात उतरत. दिल्ली-लखनौच्या हवेल्यांतील तहखान्यांचा उपयोग तोच. जमिनीखाली तीन-चार मीटर गेले की उन्हाळा-हिवाळ्याचा फरक बहुतेक संपतो आणि त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीइतके तापमान कायम राहते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या पाणचक्कीतील हौदाखालचा दालान पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला येणारे मुसाफिर विसावत. डोक्यावर पाण्याने भरलेला हौद आणि भोवती जाड दगडी बांधकाम, म्हणून भर उन्हाळ्यातही तेथे आत गेल्यावर जीव शांत होतो.

मशीनची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. फ्रीज असो, एसी असो की चेंबरचे युनिट, ते थंडी 'तयार' करीत नाही. आतली उष्णता उचलते आणि बाहेर नेऊन टाकते. बाहेर जितके तापलेले असेल तितका कॉम्प्रेसरला जोर जास्त लावावा लागतो. आपल्या मेकॅनिक बांधवांना हे हाताने माहीत आहे. मे महिन्यातल्या दुपारी हेड प्रेशर कुठे जाते आणि ट्रिप झालेले युनिट पुन्हा चालू करायला किती फोन येतात, ते त्यांनाच विचारा. कंडेन्सरमधील गॅसचे तापमान एका अंशाने खाली आले की साधारण दोन ते तीन टक्के वीज वाचते. बाहेरच्या ४३ अंशांच्या हवेऐवजी जमिनीतून फिरून आलेल्या ३२ अंशांच्या पाण्याने कंडेन्सर थंड केला, तर हे तापमान १५ अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे भर उन्हात जवळजवळ एक तृतीयांश वीज वाचली. यातून पाणी फिरविणाऱ्या पंपाची वीज वजा करावी लागते. विक्रेते ती सांगायला हमखास विसरतात.

पाणी जमिनीत फिरवायचे म्हणजे बोअर घेऊन त्यात एचडीपीई पाइपची यू आकाराची जोडी सोडायची, भोवतालची पोकळी बेंटोनाइटच्या मिश्रणाने भरायची आणि तेच तेच पाणी बंद पाइपातून फिरवत राहायचे. पाणी उपसले जात नाही. रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा उपसा प्रमाणाबाहेर गेलेला आहे, तेव्हा ही बाब मोलाची आहे.

थंड देशाचा हिशेब येथे लागू नाही

जमिनीतील उष्णता वापरण्याचे पेटंट १९१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या हाइनरिश झोली यांनी घेतले. आज स्वीडनमध्ये लाखो घरे या पद्धतीने ऊब मिळवितात. तेथे हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढली जाते, उन्हाळ्यात थोडी परत टाकली जाते, त्यामुळे जमिनीचे खाते बरोबर राहते. थायलंडमधील कांफेंगफेट येथे जपानी व थाई भूशास्त्रज्ञांनी २००६ च्या सुमारास हा प्रयोग फक्त थंडाव्यासाठी करून पाहिला. उष्ण कटिबंधातही दिवसाच्या वेळी जमीन हवेपेक्षा थंड सापडते आणि त्यावर एसी चालू शकतो, एवढे त्यातून दिसले.

पण आपल्याकडची जमीन थंड नाही. ती फक्त दुपारच्या हवेपेक्षा कमी तापलेली आहे. नागपूर-जळगावकडे वर्षाची सरासरी २७ अंशांच्या आसपास, म्हणून खोलवर जमीनही जवळपास तितकीच. अमेरिकेत एक टन क्षमतेस ४५ ते ६० मीटर बोअर धरतात. येथे तेवढ्यात भागणार नाही, ८० मीटर किंवा त्याहूनही जास्त लागेल, आणि खर्चाचा मोठा भाग बोअरचाच असतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. एक टनाचे मशीन पूर्ण भाराने चालले की साडेतीन किलोवॅट उष्णता आतून उचलते. त्यात कॉम्प्रेसरची साधारण एक किलोवॅट मिळवून साडेचार किलोवॅट जमिनीत जाते. रोज आठ तास, वर्षाचे २५० दिवस धरले तर ९,००० युनिट उष्णता झाली. ८० मीटर खोल बोअर सहा-सहा मीटरवर घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २,९०० घनमीटर खडक येतो. उष्णता कोठेच गेली नाही असे धरल्यास एवढा खडक एका वर्षात साडेचार-पाच अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काही उष्णता बाजूला पसरते आणि वाहते भूजल असेल तर बरीच वाहून जाते. पण दहा-बारा बोअरच्या गटातील मधल्या बोअरना बाजूच नसते. पहिल्या उन्हाळ्यात मालक खूश, दुसऱ्यात गप्प आणि चौथ्यात मेकॅनिकशी भांडण, असा हा प्रकार होऊ शकतो. चेंबर तर आठ तासांपेक्षाही जास्त चालते.

तेव्हा जमिनीत टाकलेली उष्णता बाहेर काढण्याची सोय आधीच ठरवावी लागते. खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. त्या महिन्यांत रात्री कॉम्प्रेसर बंद असताना तेच पाणी एका साध्या पंख्याच्या कॉइलमधून फिरविले, तर फक्त पंप आणि पंख्याच्या विजेवर जमीन निववता येते. दुसरा उपाय जास्त फायद्याचा आहे. ज्याला थंडावा आणि गरम पाणी दोन्ही लागते, त्याने उष्णता जमिनीत टाकण्याआधी पाण्यात घ्यावी. दूध थंड करून कॅन गरम पाण्याने धुणारा डेअरीवाला, लॉज चालविणारा, रुग्णालय, ही खरी गिऱ्हाइके. कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गरम गॅसवर ५०-५५ अंशांचे पाणी मिळते आणि गिझर किंवा लाकडाचा खर्च वाचतो. ही जोडणी बोअर न घेताही करता येते. माझ्या मते शंभरातील बहुतेकांनी येथूनच सुरुवात करावी.

कुलिंग टॉवर का नको?

जाणता मेकॅनिक हे विचारणारच. प्रश्न रास्त आहे. कोरड्या उन्हाळ्यात टॉवरचे पाणीही २७-२८ अंशांपर्यंत उतरते, म्हणजे जमिनीच्या तोडीस तोड, आणि टॉवर बोअरपेक्षा पुष्कळ स्वस्त. पण टॉवर पाणी खातो. टनामागे तासाला साडेसहा लिटर नुसती वाफ होते. दहा टनांचे मशीन २० तास चालले की १,३०० लिटर गेले. साचणाऱ्या क्षारांसाठी सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळेच. ज्याच्याकडे मेमध्येही पाणी आहे त्याने टॉवरच बसवावा. ज्याला त्याच महिन्यात टँकर घ्यावा लागतो, त्याच्यासाठी बोअरचा हिशेब सुरू होतो. थोडे बोअर आणि जोडीला लहान टॉवर, असा मधला मार्गही आहे.

मुंबई-कोकणात या भानगडीत पडू नये. तेथे मे महिन्यात हवा ३३ अंश आणि जमीन २७-२८. एवढ्या फरकासाठी बोअरचे पैसे वसूल होणे कठीण. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग शेडचेही तसेच. मोकळ्या पत्र्याच्या शेडला एसी परवडत नाही. तेथे पत्र्याला पांढरा रंग, खाली आच्छादन आणि छताला हवा जाण्याची वाट, हेच आधी करावे. मशिदींच्या विश्वस्तांकडूनही अशी विचारणा होऊ शकते. पाच वेळच्या नमाजला मिळून दिवसाचे दोन-तीन तास आणि जुम्याची गर्दी, एवढ्या वापरासाठी महागडे बोअर म्हणजे चंद्याच्या पैशाचा अपव्यय होईल.

चेंबर किंवा शीतगृहासाठी विक्रेता आला तर त्याच्याकडून चार गोष्टी लिहून घ्याव्यात. तुमच्याच जागेवर बोअर घेऊन जमिनीचे तापमान मोजले का? तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी मे महिन्यात पाणी किती अंशांनी परत येईल? पंपाची वीज धरली का? आणि पाइप फुटला तर बोअर कोण भरून देणार? काळ्या जमिनीत उथळ चर खणून पाइप टाकण्याचा स्वस्त पर्याय कोणी दिला, तर सावध राहावे. उन्हाळ्यात ही माती सुकून भेगाळते, पाइपाला चिकटून राहत नाही आणि उष्णता घेत नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने खोल बोअरवर बंधने आहेत. तुमचा बोअर पाणी उपसणार नसला तरी काम सुरू करण्यापूर्वी जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात लेखी विचारावे.

पैशाचे म्हणाल, तर आधी खर्च मोठा आणि बचत हळूहळू, अशी ही गुंतवणूक आहे. व्याजी कर्ज काढून ती केली तर बचत व्याजातच जाईल, ते जायज नाही हे तर वेगळेच. बोअरवाला, मेकॅनिक आणि चेंबर मालक यांनी बचतीत हिस्सा ठेवून मुशारकत केली, तर बोअरवाल्यालाही काम नीट करण्याची गरज वाटेल.

आयटीआय करून रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या तरुणांनी मात्र वाट पाहू नये. पाणीपुरवठ्याच्या कामात एचडीपीई पाइपची जोडणी शिकलेले कारागीर गावोगाव आहेत. कंडेन्सर पाण्यावर घेणे, गरम गॅसवर पाण्याची टाकी जोडणे, पाण्याचा वेग आणि तापमान मोजून नोंद ठेवणे, ही कामे ज्याला येतात त्याला टॉवर असो की बोअर, दोन्हीकडे काम मिळेल. सुरुवातीला दोन थर्मामीटर आणि एक वीजमीटर पुरे.