जुन्या पिकअपला डिझेलचे इंजिन

पेट्रोलवर चालणाऱ्या महिंद्राच्या जुन्या पिकअपमध्ये डिझेलचे इंजिन बसविणे हे केवळ बोल्ट आवळण्याचे काम नव्हे. कारण ठिणगीवाचून, निव्वळ दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटविणारे हे यंत्र अधिक वजनदार असल्यामुळे पुढचे पाटे, माउंटिंग आणि क्लच यांचा नव्याने विचार करावा लागतो, ब्रेकच्या बूस्टरसाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंपाची तजवीज करावी लागते आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यास पुरेल असा रेडिएटर निवडावा लागतो. शिवाय, मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये आरटीओची मंजुरी मिळून नव्या इंजिनाचा क्रमांक दप्तरी दाखल झाल्यावाचून निष्णात मिस्त्रीचे कौशल्यही कायद्याच्या दृष्टीने कसूरच ठरते; म्हणून मालकाने गॅरेज गाठण्यापूर्वी आरटीओची पायरी चढावी, हेच इष्ट.