बालकांचा निर्मळ हवापाण्यावरील हक्क

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे तिचे नाव दूरवर गेले आहे. परंतु गोटमार एका दिवसापुरती. नदीशी काठच्या लोकांचे नाते वर्षभराचे असते. या काठी वाढणाऱ्या मुलाचा निर्मळ पाण्यावर आणि हवेवर कायद्याने काही हक्क आहे काय?

हक्क आहे, मात्र तो एका जागी लिहिलेला नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी एकदमच केल्या. बालकांची वाढ निरोगी रीतीने व्हावी, हे राज्याचे धोरण ठरले आणि पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे व नागरिकांचेही कर्तव्य ठरले. तथापि, केवळ धोरणाच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही. ही उणीव जीविताच्या हक्काने भरून काढली. सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा उपभोग अंतर्भूत आहे, असे सांगितले. पुढे १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या चोविसाव्या अनुच्छेदात बालकांच्या आरोग्यासाठी स्वच्छ पिण्याच्या पाण्याचा आणि प्रदूषणाच्या धोक्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

अज्ञान बालकाला स्वतः दावा लावता येत नाही. त्याच्या वतीने वडीलधाऱ्याने उभे राहावे लागते. २०१५ साली दिल्लीतील तीन तान्ह्या मुलांच्या वतीने त्यांच्या वडिलांनी फटाक्यांच्या धुराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २०१८ मध्ये न्यायालयाने फटाक्यांवर कडक निर्बंध घातले. सावरगावकरांना एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागीय पीठ भोपाळला आहे. पर्यावरणाच्या वादासाठी तेथे सामान्यतः सहा महिन्यांच्या आत, तर नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणून पाणी नासल्याचे दिसताच तारीख, ठिकाण व छायाचित्र यांची नोंद ठेवून प्रथम प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करणे शहाणपणाचे होय.

मुलांना मत नाही, आणि कज्जा चालविण्याचे बळही नाही. त्यांचा हक्क जागता राहणे हे सर्वस्वी मोठ्यांच्या दक्षतेवर अवलंबून आहे.