शितावरून भात, क्षणचित्रांवरून सामना?

भात शिजला की नाही हे आई कसे पाहते? पातेल्यातले एक शीत काढते आणि बोटांत चेपून पाहते. सगळा भात चेपून पाहण्याची गरज तिला पडत नाही. बीडच्या मोंढ्यात ज्वारीचे पोते आले, तर व्यापारी मात्र वरवरचे दाणे पाहून भाव ठरवीत नाही. तो पोत्यात टोकदार नळी खुपसतो आणि आतले दाणे बाहेर काढून हातावर घेतो. असे का बरे?

पातेल्यातल्या सर्व शितांना सारखेच पाणी आणि सारखीच उष्णता मिळालेली असते. म्हणून एक शीत सर्वांच्या वतीने बोलू शकते. पोत्याचे तसे नाही. वर टपोरे आणि तळाशी किडके दाणे असू शकतात. थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधण्याच्या या पद्धतीला संख्याशास्त्रात 'नमुना घेणे' म्हणतात. नमुना कोणी आणि कसा निवडला, यावर अंदाजाचा खरेपणा अवलंबून असतो.

आता खेळाच्या मैदानाकडे वळू. मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना संपला की पाच-दहा मिनिटांची क्षणचित्रे दाखवतात. आपण बहुतेक जण तेवढीच पाहतो आणि कोण कसे खेळले यावर तावातावाने बोलतो. ही क्षणचित्रे म्हणजे पातेल्यातले शीत आहेत, की पोत्याच्या तोंडाशी मांडलेले टपोरे दाणे?

एका अंतिम सामन्याचे गणित

१८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील लुसेल येथे जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाने २३ व्या आणि ३६ व्या मिनिटाला गोल केले. फ्रान्सच्या एम्बापेने ८० व्या व ८१ व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. जादा वेळेत मेस्सीने १०८ व्या मिनिटाला आणि एम्बापेने ११८ व्या मिनिटाला गोल केला. ३-३ अशी बरोबरी राहिल्यावर पेनल्टी फटक्यांत अर्जेंटिना ४-२ ने जिंकली.

समजा, कोणी या सहा गोलांची प्रत्येकी २० सेकंदांची फीत जोडली. ती २ मिनिटांची होईल, म्हणजे १२० मिनिटांच्या खेळाचा साठावा भाग. तीत एक मिनिट अर्जेंटिनाचे आणि एक मिनिट फ्रान्सचे. वाटणी अगदी समान! पाहणारा म्हणेल, "दोन्ही संघ तोडीस तोड खेळले."

आता घड्याळाला विचारू. मध्यंतरापूर्वी व नंतर वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून मिळालेली मिनिटे हिशेबात धरली नाहीत, तर अर्जेंटिना २३ ते ८१ आणि १०८ ते ११८ अशी सुमारे ६८ मिनिटे आघाडीवर होती. उरलेली ५२ मिनिटे बरोबरी होती. फ्रान्स एक मिनिटही पुढे नव्हते. पहिल्या अर्ध्या भागात तर फ्रान्सला गोलाच्या दिशेने एकही फटका मारता आला नव्हता. गोलांची फीत खोटी नाही, पण ही गोष्ट ती सांगत नाही.

व्यापाऱ्याप्रमाणे नळी खुपसून पाहू या. ५ व्या, १५ व्या, २५ व्या असे करत ११५ व्या मिनिटापर्यंत, दर दहा मिनिटांनी फक्त गुणफलक पाहायचा. एकूण १२ वेळा. वहीत मांडून पाहा : ७ वेळा अर्जेंटिना पुढे, ५ वेळा बरोबरी. बारात सात म्हणजे शेकडा ५८. खरे प्रमाण, १२० त ६८, म्हणजे शेकडा ५७. अवघ्या बारा नजरांत किती जवळचे उत्तर मिळाले!

पण थांबा. या बारा नजरांत एकही गोल दिसला नाही! एम्बापेचे पहिले दोन गोल दोन मिनिटांच्या आत झाले. सामन्याला कलाटणी देणारी ती वेळ आपल्या नमुन्यातून निसटली. घटना जितकी विरळ, तितकी ती अशा नमुन्यातून निसटण्याची शक्यता जास्त. म्हणून क्षणचित्रे करणाऱ्याला वेचून घेण्यावाचून गत्यंतर नसते. वेचणे हा दोष नव्हे. वेचलेल्या गोष्टीला संपूर्ण समजणे, हा दोष.

मांडव्याचा धावपटू आणि 'तो दुसरा'

आता आपल्या बीड जिल्ह्यात येऊ. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे तुम्हाला ठाऊक आहेच. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. साबळेची वेळ होती ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्णपदक मिळवणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटे ११.१५ सेकंद.

फरक ०.०५ सेकंदाचा. साबळेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६.१ मीटर येतो. त्या वेगाने ०.०५ सेकंदात जेमतेम ३० सेंटिमीटर अंतर कापले जाते, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्यांएवढे!

या शर्यतीची अखेरची ३० सेकंदे आपण पुन्हा पुन्हा पाहतो. ती शर्यतीचा सुमारे सोळावा भाग आहेत. आपली नजर साबळेवर असते, आणि ते स्वाभाविकच आहे. १९९८ ते २०१८ या सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाकडेच गेली होती. ती साखळी आपल्या जिल्ह्याच्या मुलाने तोडली.

पण त्या फितीत किबिवोट आपल्याला कसा दिसतो? शेवटी दोन पट्ट्या पुढे निघून गेलेला 'दुसरा'. २०१८ मध्ये याच स्पर्धेत त्याला रौप्यावर समाधान मानावे लागले होते. चार वर्षांनी त्याने ते सुवर्णात बदलले आणि २०२३ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदकही मिळवले. केनियातल्या एखाद्या मुलाने तीच ३० सेकंदे पाहिली, तर त्याला साबळे 'दुसरा' वाटेल. फीत एकच, पण पाहणारे दोन आणि गोष्टीही दोन.

तुम्ही करून पाहा

पुढच्या वेळी शाळेत दोन वर्गांचा कबड्डीचा सामना असेल, तेव्हा हा प्रयोग करा. तीन गट पाडा. पहिल्या गटाने घड्याळ घेऊन दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक संघाचे किती गडी मैदानात आहेत ते लिहावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात एकेका वर्गाचे पाठीराखे घ्या. प्रत्येक गटाने सामन्यातले आपल्या मते सर्वांत महत्त्वाचे दहा क्षण लिहावेत. एकमेकांच्या याद्या पाहायच्या नाहीत.

सामना संपल्यावर पहिल्या गटाच्या नोंदींचा आलेख काढा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. किती क्षण दोन्हींत सामाईक आहेत? प्रत्येक यादीत आपल्या संघाचे किती आणि समोरच्याचे किती? त्या यादीतले प्रमाण आलेखाशी जुळते का?

शिक्षकांनीही हा प्रयोग जरूर करून घ्यावा. आता मोबाइलवर कोणीही फीत तयार करू शकतो. समजा, तालुक्याचा संघ निवडताना एखाद्या मुलाच्या फक्त यशस्वी चढायाच पुढे ठेवल्या, आणि न बोलता सामनाभर कोपरा सांभाळणारी मुलगी कोणत्याच फितीत आली नाही, तर संघातली जागा कोणाला मिळेल? तिच्यावर अन्याय करायचे कोणाच्या मनातही नसेल. तरीही तो होईल.

म्हणून क्षणचित्रे आनंदाने पाहा, टाळ्याही वाजवा. पण मत बनवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : हे क्षण कोणी निवडले? कोणत्या कसोटीवर निवडले? आणि जे दाखवले नाही, त्यात काय होते? शितावरून भाताची परीक्षा जरूर होते, पण शीत पातेल्यातून कसे उचलले, तेही पाहायला हवे.