नातवंडांची पाठ कशी पाहावी?

गेल्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर मोहाडी तालुक्यातील एक आजीबाई कंबरदुखीसाठी माझ्याकडे आल्या. सोबत बारा वर्षांची नात होती. औषध घेऊन निघताना त्या दारातून वळून म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोरीचा फ्रॉक एका बाजूनं खाली लोंबते जी." मी मुलीला पुढे वाकवून पाहिले. उजव्या बाजूच्या बरगड्या स्पष्टपणे उंचावल्या होत्या. वर्षापूर्वी हीच मुलगी तापासाठी आली असता "पोक काढून बसू नकोस" एवढेच सांगून मी तिला परत पाठवले होते. पाठ पाहिलीच नव्हती. ती चूक माझी.

पोक काढून बसणे आणि कणा वाकडा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सवयीचा पोक सांगताक्षणी सरळ होतो. वाकडा कणा मात्र कितीही रागावले तरी सरळ होत नाही, कारण तो बाजूला झुकून पिळलेला असतो. बहुतेक मुलांत याचे नेमके कारण सापडत नाही. बसण्याची सवय किंवा दप्तर हे त्याचे कारण नव्हे. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, तेव्हा हा बाक वाढतो आणि मुलींमध्ये तो अधिक वाढतो. वेळीच लक्षात आल्यास ब्रेस लावून तो पुष्कळदा थोपवता येतो.

घरी तपासणी सोपी आहे. मुलीची तपासणी आजीने वा आईने करावी. पाठ उघडी ठेवून मुलाला पाय जुळवून उभे करावे. दोन्ही खांदे, पाठीची पाती आणि कंबरेच्या बाजू समान आहेत का, ते मागून पाहावे. मग गुडघे न वाकवता, तळहात जुळवून पुढे वाकायला सांगावे. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे.

दप्तराने कणा वाकडा होत नसला, तरी पाठ आणि खांदे दुखतात. 2016 साली शेजारच्या चंद्रपुरात सातवीच्या दोन विद्यार्थ्यांनी दप्तराच्या ओझ्याविरुद्ध चक्क पत्रकार परिषद घेतली होती. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असा राज्य शासनाचा 2015 चा निर्णय आहे. म्हणजे 30 किलोच्या मुलाला 3 किलो. दप्तर दोन्ही खांद्यांवर अडकवावे. मूल पुस्तकावर फार वाकत असेल तर डोळेही तपासावेत.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. झोपमोड करणारी पाठदुखी, सोबत ताप, वजन घटणे किंवा पायांत अशक्तपणा असल्यास कण्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी लागते. आपल्या भागात सिकलसेल आहे. अशा रुग्ण मुलाचे लंगडणे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडल्याचे लक्षण असू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. आपली शंका शिक्षकांना आधीच सांगून ठेवावी.

त्या मुलीला आता नागपूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ब्रेस दिला आहे. वाढ पूर्ण होईपर्यंत तो वापरावा लागेल. रोज सकाळी आजीच तो बांधून देतात. माझ्या दवाखान्यात मात्र आता शाळकरी मूल कोणत्याही कारणाने आले, तरी त्याची पाठ पाहिल्याशिवाय मी त्याला घरी पाठवत नाही.