तलवार न उपसता घेतलेलं शहर

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी लॅपटॉप एक आणि राजे दोन असतात. एक मी आणि दुसरा इंदूरहून वडोदऱ्याला येणारा माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा. खेळ 'सिव्हिलायझेशन ६'. सिड मायरची ही मालिका १९९१ मध्ये सुरू झाली, त्यातला हा २०१६ चा भाग. बुद्धिबळासारखी आधी एकाची चाल, मग दुसऱ्याची. शहरं वसवायची, शेती, बाजार, विद्यापीठं उभारायची आणि शेजाऱ्यांना पुरून उरायचं.

एका वर्षी आम्ही खेळात लढाई केली आणि प्रत्यक्षात दोन दिवस अबोला धरला. तेव्हापासून आजीची अट आहे : "खेळा हवं तेवढं, पण एकमेकांशी लढाई करायची नाही."

लढाई नाही, एवढंच आजी म्हणाली होती. बाकी रस्ते मोकळे होते!

पहिला रस्ता जमिनीचा. शेजारी जिकडे पसरणार असतो, त्या नदीकाठी किंवा खिंडीत आपण आधी गाव वसवायचं. मग त्याला फौज घेऊन यावं लागतं, नाहीतर हात चोळत बसावं लागतं. दादाने हेच माझ्यावर केलं. समुद्राकडे जाणाऱ्या माझ्या वाटेवरच त्याने एक शहर वसवलं.

दुसरा रस्ता हेरांचा. खेळ मध्यावर आला की हेर मिळतात. ते शेजाऱ्याच्या बाजारातून पैसे पळवतात, कारखान्यांत मोडतोड करतात, चित्रंसुद्धा चोरतात. पण पकडले गेले तर तुरुंगात जातात आणि त्यांना सोडवायला आपल्यालाच काहीतरी देऊन वाटाघाटी कराव्या लागतात.

तिसरा रस्ता मला सगळ्यात भारी वाटतो. २०१८ मध्ये आलेल्या 'राइज अँड फॉल' या पुरवणीत प्रत्येक शहराला निष्ठेचा आकडा मिळाला, जास्तीत जास्त १००. नऊ घरांच्या आत ज्याची लोकवस्ती दाट, त्याचा ओढा जास्त. जवळच्या वस्तीचा जोर मोठा, लांबच्या वस्तीचा कमी. राज्याचं सुवर्णयुग चालू असेल तर माणशी जोर दीडपट होतो, अंधारयुगात निम्मा. आकडा शून्यावर आला की शहर फुटून स्वतंत्र होतं आणि पुढे ज्याचा ओढा जास्त, त्याला जाऊन मिळतं. हे थांबवायचं तर तिथे गव्हर्नर बसवायचा. तो दर चालीला निष्ठा ८ ने वाढवतो.

हे सगळं मला शिकवलं दादानेच. चहा पिता पिता तो म्हणाला होता, "त्या नदीकाठच्या शहरात माझा गव्हर्नर बसलाय म्हणून बरं. तो नसता तर शहर कधीच गेलं असतं."

मी मान डोलावली आणि माझ्या चालीला हेर तिकडेच पाठवला.

त्या शहराभोवती माझी तीन मोठी शहरं होती आणि माझं सुवर्णयुग चालू होतं. दादाची राजधानी लांब होती आणि त्याच्या नशिबी अंधारयुग होतं. माझ्या हेराने गव्हर्नरला काही चालींपुरतं निकामी केलं. आकडा घसरत गेला आणि शहर फुटलं. पुढे काही चालींनी ते माझ्या राज्यात आलं. एक बाणही सुटला नव्हता.

मी आनंदाने ओरडले. दादा काहीच बोलला नाही. लॅपटॉप माझ्याकडे सरकवून तो गच्चीवर गेला. शहर गेल्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलेली गोष्ट मी त्याच्यावरच उलटवली, हे त्याला लागलं होतं. रात्री जेवताना आजीने विचारलं, "लढाई केलीत का रे?" आम्ही दोघंही "नाही" म्हणालो. खोटं नव्हतं ते, पण माझ्या घशाखाली घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हटलं. दादा हसला. म्हणाला, "शहर तू जिंकलंस, पण घालवलं मीच. तीस चाली मी तिकडे बघितलंच नव्हतं. सगळं एका गव्हर्नरच्या भरवशावर सोडलं होतं."

ते खरंच होतं. दादाची राजधानी मी सगळे हेर पाठवूनही फोडू शकले नसते. तिथे त्याची वस्ती दाट होती आणि रोजचं लक्ष होतं. जिथे मालकाने बघणं सोडलेलं असतं, तिथेच शेजाऱ्याचा हात पोचतो.

आता आजीच्या अटीला आम्ही आमची एक अट जोडली आहे : चहावर बोललेलं पटावर वापरायचं नाही. यंदा दादा येतोय. माझ्या सीमेवरच्या शहरात मी गव्हर्नर बसवून ठेवलाय आणि त्या शहराचं नाव दादाला सांगितलेलं नाही. अट आहे, पण शेवटी शेजारी तो शेजारीच!